ओता घोंगडीवर

आष्ट्याच्या एसटी स्टँडसमोर औषधाचं एक दुकान आहे. तिथं काउंटरवर काळी घोंगडी अंथरलेली असायची. जाड, धनगरी, पावसाळ्यात लोकरीचा वास सोडणारी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मनात आलं, औषधाच्या दुकानात घोंगडीचं काय काम? पण विचारलं नाही. मी कुणाला काही विचारत नाही. चौथीतनं शाळा सोडली ती मास्तरांनी सगळ्यांदेखत उत्तर विचारलं म्हणून. त्यानंतर पन्नास-साठ वर्षं ऊस पिकवला, विहीर काढली, घर बांधलं, सगळं न विचारता.

दुकान बायडाताईचं. वय चाळिशीच्या आसपास, रंगानं सावळी, अंगानं काटक. नऊवारी नेसणाऱ्या आईची पोर, पण स्वतः पाचवारीवर पांढरा कोट घालायची आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दावणीला वैरण टाकायला निघाल्यासारखी दिसायची. घरचं सगळं मेंढरामागं फिरणारं, आटपाडीकडचं. बापानं हिला सांगलीला वसतिगृहात ठेवून औषधाचं शिक्षण दिलं. नवरा आष्ट्याच्या शाळेत मास्तर, म्हणून दुकान इथं.

तिच्या दुकानात गेलं की आजार सांगायचा नाही. तुम्ही तोंड उघडायच्या आत ती म्हणायची, "पिशवी आणलीया का?" घरात असतील नसतील ती सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायची. डॉक्टरची, शेजारणीनं दिलेली, पुण्याच्या लेकानं धाडलेली, वैदूची पुडी, सगळं. मग ती म्हणायची, "ओता घोंगडीवर." काचेवर गोळ्या घरंगळून खाली जातात, घोंगडीवर जागच्या जागी बसतात. आणि काळ्यावर पांढरी गोळी म्हाताऱ्या डोळ्यांनाही दिसते. हे मला फार उशिरा कळलं.

मी पहिल्यांदा गेलो तो माझी साखरेची गोळी घ्यायला. रिकामं पाकीट पुढं टाकलं आणि म्हणालो, "ही द्या."

"पिशवी?"

"पिशवी कशाला? ही एकच पायजे."

"आबा, घरात अजून कोण औषध घेतंय? तुमी अजून काय घेता? सगळं बघितल्याबगर कशी देऊ?"

"तुला गोळ्या विकायच्या हायत का माझी झडती घ्यायची हाय?"

"दोन्ही," ती म्हणाली. हसली नाही की रागावली नाही.

मी पाकीट उचललं आणि बाहेर पडलो. पुढच्या चौकात दुसरं दुकान होतं. तिथल्या माणसानं मान वर न करता गोळ्या दिल्या. मला ते बरं वाटलं. पुढं सहा महिने मी तिच्या दुकानावरनं मान वळवून जात होतो.

पण ती काय दुकानात बसून राहणारी नव्हती. दुपारच्या वेळी स्कूटीला घोंगडी बांधून आसपासच्या गावांत फिरायची. आमच्या गावाला मंगळवारी. देवळाच्या सभामंडपात घोंगडी अंथरायची आणि म्हातारी माणसं भोवती पिशव्या घेऊन बसायची. बसायच्या आधी ती सगळ्यांना मोजायची. एकेक नाही, बोट हलवत दोन-दोनच्या जोडीनं. मेंढरं अशीच मोजतात. एखादं कमी भरलं की लगेच, "हिंदुराव का न्हाई आला? कुणीतरी बघून या गड्या."

चुकलं हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. कुणाची गोळी कुणी घेतली, सकाळची रात्री घेतली, की ती म्हणायची, "एक मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलंय. काढू माघारी." बापाकडून आणलेली रंगीत लोकर तिच्या पिशवीत असायची. एका घरात दोन म्हातारी असली की दोन डब्या आणि दोन रंग. मेंढरांच्या पाठीवर धनगर रंग लावतात, कुणाचं कुठलं ते कळायला, तसं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तांबडी लोकर आणि पिवळी लोकर कळते.

आणि सगळं सांगून झालं की शेवटी तिचा एक हट्ट असायचा, "आता मी काय सांगितलं ते मला सांगा."

आमच्या गावचा सुभेदार पलटणीतनं पेन्शन घेऊन आलेला. मिशा अजून वळलेल्या. त्याला पाय सुजतात म्हणून डॉक्टरनं लघवी सुटायची गोळी दिलेली. बायडाताईनं त्याच्या गोळ्या पेन्सिलीच्या टोकानं सरकवत मोजल्या.

"सुभेदार, ही रोज घेता?"

"रोज. शिस्तीत. फौजी माणूस हाय मी."

"मग चार जास्त कशा उरल्या?"

सुभेदारानं मिशीला हात लावला. ती हळूच म्हणाली, "एसटीनं कुठं गेला होता का?"

"आता सांगायलाच पायजे व्हय? आवं बाई, ती गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतंय. एसटी काय माझ्यासाठी थांबती? बाजारादिवशी न्हाई घेत मी."

"आन मग दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं तर दोन घेतो. भरपाई."

सगळा मंडप हसला. ती हसली नाही. तिथनंच डॉक्टरला फोन लावला. फोनवर तिची भाषा वेगळी व्हायची, पुस्तकातली, आणि फोन ठेवला की परत आमची. "डॉक्टर म्हणाले, बाजारादिवशी माघारी आल्यावर घ्या, दुपारी चारच्या आत. पण दोन एकदम कधी न्हाई. एक पहारा चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोघांचा पहारा एकटा देत होता का तुमी? आता सांगा, मी काय सांगितलं?"

"मी काय बालवाडीत हाय का?"

"न्हाई. म्हणूनच सांगा."

सुभेदारानं उभं राहून सांगितलं. महिन्याभरात त्याचे पाय चपलेत मावायला लागले.

हे सगळं मी खांबाआडून बघत होतो. पुढं बसत नव्हतो. माझी मालकीण हौसा मात्र पहिल्या मंगळवारपासून पुढं. पहिल्याच दिवशी दोघींची ओळख निघाली. बायडाताई म्हणाली, "आजी, तुमच्या वढ्याकडच्या रानात आमी मेंढरं बसवायचो. मी एवढीशी होते." उसाआधी रानाला खत मिळावं म्हणून आम्ही दर साली धनगरांचा कळप रानात बसवायचो, ते खरं होतं. हौसा तिच्याकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "म्हंजे माझा मेथीचा वाफा खाल्ला तो तुमच्याच मेंढरांनी का गं?"

"व्हय. आन तुमी मला वलं फोक घेऊन बांधापातुर पळवलं होतं."

"अजून एक वाफा येणं हाय तुझ्याकडनं," हौसा म्हणाली. त्या दिवसापासून त्यांचं जमलं. पण बायडाताईनं पिशवी मागितली की हौसा ताठ मानेनं सांगायची, "माझं औषधपाणी आमचं मालक बघत्यात." मी खांबाआड मिशीत हसायचो.

बघत होतो ते खरं. माझी साखरेची एक गोळी, तिची बीपीची एक. मी तांबडं फुटायला रानात जायचो, ती न्याहारी घेऊन यायची, बांधावर दोघं बसायचो. म्हणून गोळ्या रानात न्यायला लागायच्या. पाकिटं न्यायची कोण? ती वाचता येत नव्हती, टोचायची. मी गोळ्या पाकिटातनं काढून चंचीत ठेवायचो. पानाच्या चंचीला कप्पे असतात. सुपारीच्या कप्प्यात माझ्या, काताच्या कप्प्यात तिच्या. माझी मी न्याहारीआधी घ्यायचो, तिची तिला न्याहारीनंतर द्यायचो. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारक्या. पण कप्पे वेगळे. वर्षभर एक दिवस चुकला नाही. चंची जुनी झाली होती. हौसा म्हणायची, "द्या हिकडं, चार टाके घालते." मी देत नव्हतो. माझी चंची दुसऱ्याच्या हातात गेलेली मला चालत नाही.

मग हौसाला चक्कर यायला लागली. चार-पाच दिवसांतनं एकदा, दिवस चांगला वर आला की. घाम फुटायचा, हात थरथरायचे, शब्द जड यायचे. मी गुळाचा खडा द्यायचो, पाणी द्यायचो, बांधावर आडवी करायचो. थोड्या वेळात बरी व्हायची. तिची जाऊ म्हणाली, दृष्ट हाय. लेक फोनवर म्हणाला, वय झालं. डॉक्टरनं बीपी बघितलं, ते बरं होतं. परत असं झालं तर मिरजेला नेऊन डोक्याचा फोटो काढा म्हणाले.

एक दिवस बांधावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारली. तो भाऊ जाऊन वीस वर्षं झालीत. गूळ खाल्ल्यावर मला ओळखलं. पण ती मधली घटका मी कशी काढली, माझं मला ठाऊक. माणूस पन्नास वर्षं शेजारी बसतंय आणि एकाएकी तुम्हाला ओळखत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला रानात येऊ दिलं नाही. घरीच न्याहारी झाली, मी गोळी दिली, पडून राहा म्हणालो आणि एसटीनं आष्ट्याला गेलो. चौकातल्या दुकानाकडं पाय वळत होते. पण तिथला माणूस मान वर करत नाही. मी बायडाताईच्या दारात जाऊन उभा राहिलो. पिशवी घेऊन.

"ताकदीचं काहीतरी द्या. मालकिणीला चक्कर येतीया."

ती मला मागचं काही बोलली नाही. "ओता."

ओतलं. डॉक्टरचे कागद, रिकामी पाकिटं, एक जुनी मलमाची नळी. ती कागद वाचत विचारायला लागली.

"कवा येती चक्कर?"

"अकराच्या आसपास."

"रोज?"

"न्हाई. चार-पाच दिवसांतनं."

"मग काय करता?"

"गुळाचा खडा देतो. घरचा गूळ हाय. लगेच बरी होती."

तिचा कागदावरचा हात थांबला. "गुळानं बरी होती?"

"व्हय."

"आबा, गुळानं जाती ती चक्कर बहुतेक साखर उतरल्याची असती. आजींना तर साखरेचा आजार न्हाई. मग साखर उतरवतंय कोण? साखरेची गोळी घेतं कोण घरात?"

"मी."

"ही पाकिटं सगळी रिकामी हायत. गोळ्या कुठायत?"

 माझा हात कमरेच्या चंचीवर गेला, आणि ती माणसाच्या तोंडाआधी हाताकडं बघणारी बाई.

"आबा, ओता."

"ती पानाची चंची हाय."

"असू दे."

दुकानात चार माणसं होती, त्यातला एक आमच्याच गावचा.  शाळेतला मास्तर आठवला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्या चौघांना म्हणाली, "तुमी जरा बाहेर बाकड्यावर बसा. आबांशी माझं घरगुती बोलणं हाय." माणसं बाहेर गेली. मी चंची उलटी केली.

सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी, काताचे खडे, लवंगा. आणि त्या सगळ्यांत, तंबाखूची भुकटी लागलेल्या गोळ्या. काळ्या घोंगडीवर सगळ्या सारख्या दिसत होत्या. तिनं पेन्सिलीच्या टोकानं दोन कळप केले. मग एक गोळी माझ्या हातात दिली. "डोळ्यानं दिसत न्हाई तर नखानं बघा."

नख फिरवलं. मधोमध रेघ होती. दुसरी दिली, ती गुळगुळीत. रेघेची माझी, गुळगुळीत हौसाची. वर्षभर रोज ह्याच बोटांनी गोळ्या काढल्या, आणि कधी नख लावलं नव्हतं.

तिनं चंची आतनं बाहेर काढून बघितली. सुपारीच्या आणि काताच्या कप्प्यामधली शिवण दोन बोटं उसवली होती. गोळ्या इकडच्या तिकडं जात होत्या. मी तिला चार-पाच दिवसांतनं एकदा माझी साखरेची गोळी देत होतो. आपल्या हातानं, वर पाण्याचा तांब्या धरून.

"आज दिली?"

"दिली."

"कुठली?"

"काताच्या कप्प्यातली," मी म्हणालो.

तिनं साखर तपासायचं यंत्र पर्समध्ये टाकलं, शटर ओढलं, स्कूटी सुरू केली. "बसा."

"मी बाईमाणसाच्या मागं..."

"आबा, बसा!"

आवाज चढवलेला मी तिला तेवढा एकदाच ऐकला. बसलो. तिच्या मागं, पिशवी छातीशी धरून, साऱ्या पेठेतनं. कोण बघतंय ते मी बघितलं नाही.

हौसा खाटेवर होती. डोळे उघडे, पण कपाळ घामानं निथळत होतं आणि आम्ही आलेलं तिला समजलं नाही. बायडाताईनं बोटाला टोचलं, यंत्रावरचा आकडा बघितला. उठवून बसवली, गिळता येतंय ते बघून साखरपाणी घोट-घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी परत टोचलं. हौसानं इकडंतिकडं बघितलं आणि पहिला शब्द काढला, "मेथी आणलीस का?"

बायडाताई हसली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. पण ती तेवढ्यावर सोडणारी नव्हती. डॉक्टरला फोन झाला. "ह्या गोळीचा जोर लवकर जात न्हाई. आत्ता बरं वाटलं तरी साखर परत उतरंल. मिरजेला न्यायचं." हौसा नको नको म्हणत होती. जीप आली, नेली. दोन दिवस सलाईन, तासातासाला तपासणी. परत एकदा साखर उतरलीच, पण ती दवाखान्यात, डॉक्टरच्या डोळ्यांदेखत. घरी असती तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

जीपमध्ये बसायच्या आधी बायडाताई मला बाजूला म्हणाली, "आजींना मी काय सांगणार न्हाई. ते तुमी सांगायचं."

तिसऱ्या दिवशी घरी आलो. हौसा खाटेवर, मी खाली. सांगायला अर्धा दिवस लावला. शिवणीपासनं सुरुवात केली. तिनं सगळं ऐकून घेतलं.  मग हात पुढं केला.

"द्या ती चंची हिकडं."

दिली. तिनं सुई ओवून माझ्या तोंडासमोर कप्पा शिवला. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, "आता हितं फकस्त सुपारी. आन माझी गोळी माझ्या हातात." मी व्हय म्हणालो. पन्नास वर्षांत न भांडता व्हय म्हणायची ती पहिली वेळ असेल.

पुढच्या मंगळवारी मी खांबाआड उभा राहिलो नाही. घोंगडीजवळ बसलो. बायडाताईनं दोन डब्या दिल्या. माझ्या डबीला तांबडी लोकर, हौसाच्या डबीला पिवळी. गोळी पाकिटातनं काढायची ती घ्यायच्या वेळीच. "आता सांगा, मी काय सांगितलं?" मी सांगितलं. पाठ म्हणतात तसं, सगळ्यांदेखत. आकाश कोसळलं नाही.

त्यानंतर एका मंगळवारी पलीकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा आला. माझ्यासारखाच. पिशवी काखेत घट्ट. "माझं मला कळतंय, ओतायची गरज न्हाई."  बायडाताईनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी चंची काढली, घोंगडीवर उलटी केली आणि त्याला सगळी हकिगत सांगितली. मालकिणीला कुठली गोळी दिली, कुणाच्या हातानं दिली, बांधावर तिनं मला कुणाच्या नावानं हाक मारली, ते सगळं.  मग त्यानं पिशवी ओतली. त्यात मुदत संपलेल्या गोळ्या होत्या, आणि मेलेल्या बायकोच्याही.

तेव्हापासून ते काम माझ्याकडं आलं. चंची उलटी करायचं.

गेल्या वर्षी बायडाताईच्या नवऱ्याची, मास्तरांची, बदली तिच्या माहेरच्या बाजूला झाली. आम्हाला वाईट वाटलं, तिला वाटलं नाही. "तिकडं कोसाकोसात औषधाचं दुकान न्हाई, आबा. माझी सगळी माणसं मेंढरामागं. त्यांच्या पिशव्या कोण ओतणार?" दुकान आता दुसरी एक शिकलेली बाई बघते. मंगळवार तिनंही चालू ठेवलाय.

शेवटच्या मंगळवारी काम आटोपल्यावर बायडाताईनं घोंगडी झटकली, घडी घातली. मला वाटलं स्कूटीला बांधील. तिनं ती माझ्या खांद्यावर टाकली.

"मी काय करू हिचं? मला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत न्हाईत."

"वाचायचं काम नव्या ताईचं. तुमचं काम ओतायला लावायचं."

हौसानं तिला मेथीच्या दोन पेंढ्या दिल्या. "हे उलटंच झालं की आजी, देणं माझं होतं," ती म्हणाली. "असू दे. माझा वाफा तुझ्या बापाच्या मेंढरांच्या लेंड्यांवरच पिकतोय," हौसा म्हणाली.

स्कूटी कालव्याच्या वळणापर्यंत गेली आणि थांबली. आम्हाला वाटलं काहीतरी विसरली. तिनं मागं वळून बघितलं. आम्ही सगळे देवळाच्या पायऱ्यांवर बसलेलो. सुभेदार, हिंदुराव, वस्तीवरचा म्हातारा, बाकीची. तिनं हात वर केला. निरोपाचा नव्हता तो. बोट हलत होतं, दोन-दोनच्या जोडीनं, पायरीपायरीनं. सगळ्यात खालच्या पायरीवर हौसा बसली होती आणि शेजारी मी. बोट आमच्यापर्यंत आलं, आमच्यावर टेकलं आणि थांबलं.

तिनं मान हलवली. कळप पुरा होता. मग ती वळणाआड गेली.